सहश्रोत्याचा प्रश्न: नभोवाणीकडून डिजिटल माध्यमांकडे

१

इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या वाटचालीविषयी मराठीत जी चर्चा होते, तिच्या मुळाशी असलेले एक गृहीत क्वचितच तपासले जाते. प्रसारण हे एकतर्फी, केंद्रसत्ताक आणि अधिकारवाणीचे. डिजिटल माध्यम हे दुतर्फी, विकेंद्रित आणि लोकशाहीला अनुकूल, असे ते गृहीत आहे. ते मान्य केले की नभोवाणी व दूरदर्शनकडून इंटरनेट व मोबाइलकडे झालेला प्रवास हा श्रोत्याच्या मुक्तीचा प्रवास ठरतो. इतकी वर्षे जो केवळ ऐकत होता, त्याला आता बोलता येऊ लागले. याच्या नेमकी उलट भूमिका घेणारेही आहेत. त्यांच्या मते प्रसारणाने समाजाला एक समान अनुभवविश्व दिले होते; डिजिटल माध्यमाने त्याचे तुकडे केले. पहिली भूमिका मुक्तीची कथा सांगते, दुसरी ऱ्हासाची.

वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांमध्ये एक साम्य आहे. संज्ञापनव्यवहारात वक्ता आणि श्रोता असे दोनच घटक असतात, असे दोन्ही धरून चालतात. या दोघांमधील सत्तासंबंध कसा पालटला, एवढाच प्रश्न मग उरतो. वास्तविक पाहता या व्यवहारात आणखी एक घटक असतो. श्रोत्याच्या शेजारी बसून तेच बोलणे ऐकणारा दुसरा माणूस, हा तो घटक होय. त्याला येथे ‘सहश्रोता’ असे म्हटले आहे. तो श्रोत्याने निवडलेला नसतो. त्याचे मत श्रोत्याच्या मतासारखे असेल याची हमी नसते. आणि ऐकून झाल्यावर ‘तू काय ऐकलेस?’ असे विचारण्याचा अधिकार त्याला असतो. माध्यमांतराचा नैतिक प्रश्न या तिसऱ्या घटकाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ऐकण्यामुळे श्रोत्यावर काही उत्तरदायित्व येते का, येत असल्यास ते कोणाप्रति येते, हा तो प्रश्न.

हा प्रश्न अमूर्त पातळीवर चर्चिण्यापेक्षा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात चर्चिणे अधिक उपयुक्त ठरेल. हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. श्रवणाची सामूहिक परंपरा या भूभागात जुनी आहे. विष्णुदास भाव्यांचा ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग १८४३ साली सांगलीत झाला, पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे यांची गावे, रेठरे हरणाक्ष आणि वाटेगाव, याच परिसरातली. नाटक, तमाशा, कीर्तन, पोवाडा या सर्व प्रकारांत सहश्रोता देहाने समोर असतो. त्याच्या हसण्याने, उठून जाण्याने, ‘वाहवा’ने प्रत्येकाचे ऐकणे घडत असते. यंत्रामार्गे येणाऱ्या आवाजाने या सहश्रोत्याचे काय केले, हे पाहण्यासाठी हा भूभाग म्हणूनच सोयीचा आहे.

२

१९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांमध्ये ‘नभोवाणी शेतकरी मंडळे’ स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात साधारण २० सभासद असत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे २० कार्यक्रम प्रसारित झाले. सभासदांनी एकत्र जमून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राकडे लिहून पाठवायचे, अशी योजना होती. केंद्र त्यांतील काही प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे देत असे. कॅनडामध्ये १९४१पासून चाललेला असाच एक उपक्रम या प्रयोगाचा आदर्श होता. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरथ यांनी केले, आणि जे. सी. माथुर यांच्यासह त्यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

या अहवालाचा निष्कर्ष माध्यमविचाराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पाहणीत तीन प्रकारची गावे होती: मंडळ असलेली, मंडळ नसलेली पण रेडिओसंच असलेली, आणि दोन्ही नसलेली. मंडळ असलेल्या गावांत प्रसारित विषयांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ दिसली. ज्या गावांत संच होता पण मंडळ नव्हते, तेथे ही वाढ नगण्य होती. आवाज तोच होता, भाषा तीच होती, वेळही तीच होती. फरक होता तो सहश्रोत्यांच्या बैठकीचा.

रेडिओने केवळ वाटप करणारे यंत्र न राहता दुतर्फी संज्ञापनाचे यंत्र व्हावे, अशी मागणी बेर्टोल्ट ब्रेश्टने १९३२ साली केली होती. १९५६चा प्रयोग ही मागणी काही अंशी पूर्ण करतो, असे प्रथमदर्शनी वाटते, कारण गावातून केंद्राकडे पत्रे जात होती. तथापि न्यूरथ यांचा निष्कर्ष ब्रेश्टच्या मागणीच्या पुढे जातो. श्रोत्याने वक्त्याला उत्तर देणे ही त्या प्रयोगातली दुय्यम बाब होती. श्रोत्यांनी एकमेकांना उत्तर देणे ही प्रधान बाब होती. खताच्या खड्ड्याविषयी पुण्याहून जे सांगितले गेले, ते खरे मानायचे की नाही, हा प्रश्न पुण्याच्या तज्ज्ञाला विचारून सुटत नव्हता. ज्याच्या बांधाला बांध लागून आहे, अशा माणसापुढे तो मांडावा लागत होता. ऐकलेल्या शब्दाची परीक्षा त्या शब्दाच्या परिणामांत सहभागी असलेल्या माणसासमोर होत होती. श्रवणाचे उत्तरदायित्व म्हणतात ते हेच. वक्त्याप्रति त्याचे स्वरूप आज्ञाधारकतेचे होऊ शकते; सहश्रोत्याप्रति ते विवेकाचे होते.

३

सहश्रोता नेहमी शेजारीच बसलेला असतो असे नाही. प्रसारणाने सहश्रोत्याचा एक नवा प्रकार निर्माण केला: जो दिसत नाही, पण या क्षणी तोही हेच ऐकतो आहे असे ठाऊक असते. बेनेडिक्ट अँडरसनने १९८३ साली वृत्तपत्राच्या वाचकाविषयी असेच काही म्हटले होते. नभोवाणीच्या बाबतीत ही समकालिकता अधिक काटेकोर असते, कारण ऐकण्याचा क्षण श्रोत्याला निवडता येत नाही.

मराठीत याचे सर्वपरिचित उदाहरण ‘गीतरामायण’ होय. आटपाडी परिसरातील शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १ एप्रिल १९५५पासून सुमारे वर्षभर पुणे केंद्रावरून प्रसारित झाली. या गीतांच्या यशाची मीमांसा करताना काव्यगुण आणि स्वरगुण यांची चर्चा होते. श्रवणाच्या रचनेची होत नाही. पुढचे गीत ऐकण्यासाठी सर्वांना सारखीच वाट पाहावी लागत होती, ही या अनुभवाची एक घटकवस्तू होती. ग्रामोफोनची तबकडी हवी तेव्हा लावता येते; तेथे वाट पाहावी लागत नाही, आणि म्हणून इतर कोण वाट पाहत आहेत याची जाणीवही होत नाही.

या अनुभवाचे तात्त्विक रूप समजून घेण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना उपयोगी पडते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने विकसित केलेल्या या संकल्पनेनुसार, रसिकाला येणारा अनुभव ‘माझा’ किंवा ‘परक्याचा’ अशा बंधनातून सुटलेला असतो. अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाची आहेत. स्व आणि पर यांच्या, तसेच विशिष्ट स्थलकालाच्या आवेशात अडकून पडणे, हे एक. स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होणे, हे दुसरे. नाट्यगृहातील पूर्वरंग, संगीत, सामूहिक उपस्थिती यांचे कार्य ही विघ्ने दूर करण्याचे असते. सहृदयाचे सहृदयत्व एकट्याने सिद्ध होत नाही. इतर सर्व सामाजिकांचे चित्तही तेथेच एकाग्र झाले आहे, या प्रतीतीने ते दृढ होते.

मराठी नभोवाणीच्या निवेदनात ‘श्रोतेहो’ हे संबोधन रूढ आहे. ते अनेकवचनी आहे, एवढ्यावरच त्याचे महत्त्व संपत नाही. एकट्याने खोलीत बसून ऐकणाऱ्या माणसालाही ते अनेकांतला एक करते. निवेदकाला तो माणूस कोण हे ठाऊक नसते. त्याची जात, वय, मिळकत, मनःस्थिती यांपैकी काहीही ठाऊक नसताना त्याच्याशी बोलावे लागते, आणि म्हणून कोणालाही वगळता येणार नाही असे बोलावे लागते. या अज्ञानातून प्रसारणाची एक नीती तयार झाली. प्रत्यक्षात तिचे पालन किती झाले, हा वेगळा प्रश्न आहे. बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असताना (१९५२-६२) आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले; १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. सर्वांसाठी बोलण्याच्या नावाखाली सर्वांना काय आवडावे हे ठरवण्याचा मोह प्रसारणाला कायम राहिला. संबोधनाचे सार्वत्रिकत्व आणि अभिरुचीची सक्ती या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. पहिलीचा पुरस्कार करताना दुसरीचे समर्थन करण्याचे कारण नाही.

४

सहश्रोत्याच्या या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि त्याची दखल घेतल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चावडीवरच्या संचाभोवती कोण बसत असे? ती बैठक प्रायः पुरुषांची होती. त्यांतही कोणी ओट्यावर बसायचे आणि कोणी खाली, हे संच येण्यापूर्वीच ठरलेले होते. ज्याला उत्तर द्यावे लागते असा सहश्रोता हा एखाद्या भूमिहीन मजुरासाठी त्याचा मालक असू शकत होता. स्त्रीच्या दृष्टीने तर चावडी ही ऐकण्याची जागाच नव्हती. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, संच चावडीवरून घरात आणि घरातून शेताच्या बांधावर गेला, तेव्हा या लोकांना काही मिळाले. पुढे मोबाइल आणि इअरफोन यांमुळे घरातल्या सुनेला सासऱ्याच्या नकळत काही ऐकता येऊ लागले. सहश्रोत्याची अनुपस्थिती ही तिच्यासाठी हानी नाही, सुटका आहे. मग सहश्रोत्याचा लोप झाल्याची खंत कोणाच्या वतीने करायची?

हा आक्षेप मूलतः खरा आहे. सहश्रोत्याची संकल्पना त्याने बाद मात्र होत नाही; ती अधिक नेमकी करण्याची गरज त्यातून निर्माण होते. चावडीवर दोन निरनिराळ्या भूमिका एकाच माणसात मिसळलेल्या होत्या. एक भूमिका सहश्रोत्याची, दुसरी पहारेकऱ्याची. सहश्रोता जे ऐकतो तेच श्रोताही ऐकतो. दोघांचे लक्ष तिसऱ्या ठिकाणी, त्या आवाजाकडे असते. पहारेकऱ्याचे लक्ष आवाजाकडे नसते; ऐकणाऱ्याकडे असते. सहश्रोता विचारतो, ‘हे खरे आहे का?’ पहारेकरी विचारतो, ‘तू हे का ऐकतेस?’ पहिल्याच्या प्रश्नाने श्रोता स्वतःच्या समजुतीची पारख करतो, दुसऱ्याच्या प्रश्नाने तो गप्प होतो. गावगाड्याने सहश्रवण देऊ केले ते पहाऱ्यासकट, आणि ज्यांना पहारा सोसवला नाही त्यांनी सहश्रवणालाही मुकणे पत्करले. हा त्या व्यवस्थेचा दोष होता.

शिवाय यातून कालक्रमाविषयीचा एक सोपा समजही दुरुस्त होतो. १९५९नंतर देशभर विस्तारलेली शेतकरी मंडळे पुढे क्षीण होत गेली, आणि श्रवण अधिकाधिक खाजगी होत गेले. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले तेव्हा ही प्रक्रिया चालू झालेली होती. प्रत्यक्ष सहश्रोत्याची गळती प्रसारणाच्या युगातच सुरू झाली. तिचे सारे खापर डिजिटल माध्यमावर फोडता येत नाही. मात्र कल्पित सहश्रोता तोपर्यंत शाबूत होता. ‘आपली आवड’मध्ये पत्रे पाठवणाऱ्यांची नावे आणि गावे वाचली जात, तेव्हा गाण्याइतकीच ती नावेही ऐकली जात. हेच गाणे आणखी कोणा अनोळखी माणसाला हवे होते, ही जाणीव त्या यादीतून मिळत होती.

५

डिजिटल माध्यमाने नेमके काय पालटले, हे आता विचारता येईल. शून्य आणि एक यांच्या भाषेत आवाज साठवला जाणे हा त्यातला तांत्रिक भाग आहे; नैतिक दृष्ट्या तो निर्णायक नाही. आकाशवाणीने डीआरएम पद्धतीने केलेले प्रक्षेपण डिजिटल आहे, आणि तरीही ते प्रसारणच आहे: मनोऱ्यावरून लहर निघते, ज्याच्याकडे योग्य संच असेल तो ती पकडतो, आणि कोणी पकडली हे मनोऱ्याला कळत नाही. इंटरनेटवरून तोच कार्यक्रम ऐकताना मात्र प्रत्येक श्रोत्याच्या यंत्राला मागणी नोंदवावी लागते आणि प्रत्येक मागणीला स्वतंत्र प्रत पाठवली जाते. येथे ऐकणे ही नोंद होणारी क्रिया बनते. खरा विभाजनबिंदू अनुरूप लहर आणि अंकीय संकेत यांच्यात नाही; श्रोता अज्ञात ठेवणारे माध्यम आणि श्रोता ज्ञात करून घेणारे माध्यम यांच्यात आहे.

१९८०च्या दशकापर्यंत भारतात रेडिओसंच बाळगण्यासाठी परवाना घ्यावा लागत असे. पोस्टात शुल्क भरून तो नूतनीकरण करून घ्यावा लागे. कोणाकडे संच आहे हे शासनाला त्यामुळे ठाऊक होते. त्या संचावर कोण काय ऐकतो हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आज परवाना लागत नाही. कोण काय ऐकतो, कुठे थांबतो, काय अर्ध्यात सोडतो, हे मात्र माध्यम चालवणाऱ्या कंपनीला कळते, आणि त्या ज्ञानाच्या आधारे त्याला पुढे काय ऐकवायचे हे अल्गोरिदम ठरवते. चावडीवरील पहारेकऱ्याची भूमिका नाहीशी झालेली नाही. ती यंत्राकडे गेली आहे. हा पहारेकरी दटावत नाही, उलट हवे तेच पुढे करतो. म्हणून त्याचा पहारा जाणवत नाही. सहश्रोता मात्र खरोखरच नाहीसा झाला आहे. ज्या दोन भूमिका गावगाड्याने एकत्र ठेवल्या होत्या, त्या डिजिटल माध्यमाने वेगळ्या केल्या. पण ज्या भूमिकेचा त्याग करायचा ती ठेवली आणि जी जपायची ती टाकली.

भारतीय न्यायव्यवहारातही या स्थित्यंतराची खूण सापडते. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात ध्वनिलहरींचे प्रसारणमार्ग ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला, न्या. पी. बी. सावंत हे त्यातील प्रमुख निकालपत्राचे लेखक. प्रसारणावरील शासनाच्या मक्तेदारीला त्याने धक्का दिला. बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या खटल्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. माणसाविषयी जाणून घेण्याचा अधिकार कोणाचा, हा येथील प्रश्न होता. २२ वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन निर्णय एकत्र वाचले, तर चिंतेचे केंद्र वक्त्याकडून श्रोत्याकडे कसे सरकले ते स्पष्ट होते. दोन्हींमध्ये व्यक्तीचे अधिकार सांगितले गेले. सहश्रोता हा मात्र अधिकाराच्या भाषेत न मावणारा घटक आहे. कोणीतरी आपल्याबरोबर ऐकावे, असा अधिकार कोणालाही मागता येत नाही. ती एक सामाजिक रचना आहे. ती उभी करावी लागते.

साधारणीकरणाच्या परिभाषेत सांगायचे, तर श्रोता ज्ञात करून घेणारे माध्यम विशेषीकरणाच्या तत्त्वावर चालते. अभिनवगुप्ताने ज्यांना विघ्ने म्हटले, त्यांनाच ते साधन बनवते. श्रोत्याची स्वतःची सुखदुःखे, त्याची भीती, त्याचा ‘स्व’ आणि त्याने ठरवलेला ‘पर’ यांचा वेध घेऊन त्याला आशय पुरवला जातो. अशा श्रोत्याला बोलण्याचे स्वातंत्र्य मिळाले तरी तो जे बोलतो ते आपल्यासारख्यांनाच ऐकू जाते. वाचा आली, पण ज्याच्यापुढे तिची कसोटी लागावी तो समोर राहिला नाही.

६

ही चर्चा केवळ आस्वादापुरती असती, तर तिला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. तिचे गांभीर्य कळते ते कृष्णेच्या पुरात. सांगलीतील आयर्विन पूल १९२९ साली बांधून झाला. त्या पुलापाशी मोजलेली पाणीपातळी ही सांगलीच्या सामूहिक भाषेतील एक संख्या आहे: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९मध्ये ही पातळी ५७ फुटांवर गेली. २००५ आणि २०२१ या वर्षांचे पूरही याच संख्येने लक्षात ठेवले जातात. ती संख्या कोणासाठी म्हणून वेगळी नसते. सांगलीवाडीच्या माणसाला आणि गावभागातल्या माणसाला ती एकच सांगावी लागते, आणि तिच्यावरून प्रत्येकाला आपापल्या उंबऱ्याचा हिशेब करता येतो.

या संख्येचे एक तार्किक वैशिष्ट्य आहे. ‘पाणी ४५ फुटांवर आहे आणि वाढते आहे’ हे विधान एका विशिष्ट वेळीच खरे असते. प्रसारणात विधान आणि त्याची वेळ एकमेकांपासून सुटत नाहीत. बोलण्याचा क्षण हाच ऐकण्याचा क्षण असतो. एकाकडून दुसऱ्याकडे पाठवल्या जाणाऱ्या संदेशात हा सांधा निखळतो. काल सकाळी खरे असलेले वाक्य आज रात्री, एकही अक्षर न बदलता, खोटे होऊन पोचू शकते. आणि ते पाठवणाऱ्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. असत्याचा असा प्रकार, ज्यात असत्यवक्ता कोणीच नाही, हा पारंपरिक नीतिविचाराला अडचणीत टाकणारा आहे. सत्यकथनाची जबाबदारी वक्त्यावर टाकण्याची सवय येथे अपुरी पडते. या ठिकाणी जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते: पुढे पाठवण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारण्याची. म्हणजेच सहश्रोता शोधण्याची.

पूर आणखीही एक गोष्ट दाखवतो. कोयना धरण सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आहे. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला येते. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, ही साताऱ्याची बातमी काही तासांनी सांगलीचे भविष्य होते. पाटणचा आणि सांगलीचा श्रोता एकमेकांना ओळखत नाहीत, एकमेकांची निवड करीत नाहीत, कदाचित एकमेकांची मते त्यांना रुचणारही नाहीत. नदीने त्यांना सहश्रोते केले आहे. आवडीनिवडी जुळवून तयार केलेल्या समूहांत हे नाते बसत नाही, कारण ते आवडीचे नाते नाही. समान परिणामांचे आहे. सार्वजनिकतेचा अर्थ हाच आहे: ज्यांची निवड केलेली नाही, पण ज्यांच्याशी परिणाम वाटून घ्यावे लागतात, अशांबरोबर ऐकणे.

७

गेलेले प्रसारणयुग परत आणणे शक्य नाही, आणि वर नोंदवलेल्या आक्षेपाचा विचार करता ते इष्टही नाही. पहाऱ्याविना सहश्रवण शक्य आहे का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे पूर्ण उत्तर नसले तरी दिशा दाखवणारे उदाहरण याच भूभागात आहे.

व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) यांतून माणदेशाला मराठी साहित्यात आणले, आणि १९५५पासून ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात होते. माणदेशाचा माणूस ग्रामीण श्रोत्यांशी बोलत होता, पण बोलण्याची जागा पुणे होती. शासनाने २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना खुला केला. त्यानंतर सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे, चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांच्या बँकेचे आणि शिक्षणाचे काम उभे राहिले होते तेथेच, २००८ साली ९०.४ मेगाहर्ट्‌झवर ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात जालिहाळ येथे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची ‘येरळावाणी’ आली. दोन्ही ठिकाणे अवर्षणप्रवण आहेत. पूर असो वा दुष्काळ, पाण्यानेच येथे श्रोत्यांना एकत्र बांधले आहे.

अशा केंद्राचा आवाज थोड्याच किलोमीटरच्या परिघात पोचतो. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत, अशी धोरणाची अट होती. चावडीवर जिला जागा नव्हती ती स्त्री येथे माइकपुढे बसते, आणि घरात काम करता करता ऐकणारी दुसरी स्त्री तिची सहश्रोता होते. कोण ऐकते आहे याची नोंद मनोऱ्याला होत नाही; पण निवेदिका बाजारात भेटते, आणि ‘काल जे सांगितलंस ते आमच्याकडे लागू पडत नाही’ असे तिला तोंडावर सांगता येते. श्रोता यंत्राला अज्ञात राहतो आणि शेजाऱ्याला ज्ञात होतो. चावडी, प्रसारण आणि डिजिटल माध्यम या तिन्हींत हा मेळ जसा बसायला हवा होता तसा बसलेला नव्हता.

या उदाहरणाचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. २००६च्या धोरणाने या केंद्रांना बातम्या, चालू घडामोडी व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांची मनाई केली. बियाण्याविषयी एकत्र ऐकावे, पण सत्तेविषयी एकत्र ऐकू नये, असा या मनाईचा अर्थ होतो. सहश्रवणाचे सामर्थ्य शासनाने ओळखले असल्याचीच ती कबुली आहे.

म्हणून माध्यमांतराच्या मूल्यमापनासाठी ‘किती जणांना बोलता येते?’ हा निकष पुरेसा नाही. ज्याचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे, त्यांना ते एकत्र ऐकता येते का; ऐकल्यावर एकमेकांना विचारता येते का; आणि विचारण्याची किंमत त्यांतल्या दुर्बलाला मोजावी लागत नाही ना, हे तीन प्रश्न प्रत्येक माध्यमाला, जुन्या आणि नव्या, विचारावे लागतील. १९५६ सालच्या चावडीने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी दिली, आणि तिसऱ्यापुढे ती निरुत्तर झाली. आजचे डिजिटल माध्यम तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ करते, पण पहिले दोन प्रश्नच उद्‌भवू देत नाही. ऐकणे ही खाजगी बाब मानली की हा व्यवहार सोयीचा वाटतो. कृष्णेच्या काठी राहणाऱ्याला ती सोय परवडत नाही.